अवघड कोणी ठरवायचे?

(तृतीय वर्ष, कला)

खेळ न्यायाने व्हावा याविषयी कोणी दुमत दाखवल्याचे आजवर ऐकिवात नाही. दुमत सुरू होते ते न्याय कशाने मोजायचा या प्रश्नापाशी. घड्याळाने मोजायचा, बुटाच्या किमतीने मोजायचा, की डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत काय आहे ते पाहून मोजायचा? आपल्या जिमखान्यात यावर वर्षभर जे वाद झाले त्यांत मीही होते. पण जिमखान्यातील वादात ज्याचा आवाज मोठा त्याचे मत मोठे ठरते. म्हणून काही गोष्टी शांतपणे कागदावर मांडाव्यात असे वाटले. प्राध्यापक मंडळींपैकी ज्यांना धावण्याचा प्रसंग फक्त गाडी पकडतानाच येतो, त्यांनीही हा लेख वाचावा अशी विनंती आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या पट्ट्याला निसर्गाने दोन देणग्या दिल्या आहेत. रुळांच्या पश्चिमेला मलंगगड, तावली, चंदेरी, म्हैसमाळ अशी डोंगरांची रांग आहे आणि दुसऱ्या बाजूला बारवी धरणाकडे जाणारा रस्ता आहे. रांगेवर चढणारे शनिवारी रात्रीच्या गाडीने दोर घेऊन निघतात, रस्त्यावर धावणारे रविवारी पहाटे साडेपाचला बाहेर पडतात. दोघांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असली तरी भांडणे मात्र तीच आहेत. अमक्याने तमके साधन वापरले, मग त्याचे यश खरे का? आणि जे केले ते अवघड होते, हे ठरवले कोणी?

प्रथम बुटांचे पाहू. २०१७ साली लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी एक नवा बूट बाजारात आला. त्याच्या जाड पण अत्यंत हलक्या तळव्यात कार्बनची एक ताठ पट्टी बसवलेली होती. तळव्याचा फेस पावलाखाली दाबला जातो आणि दाबताना घेतलेली शक्ती बरीचशी परत देतो. तो बूट घालून धावताना ऊर्जा सरासरीने सुमारे चार टक्के कमी लागते असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत आढळले. (चार टक्के ऊर्जा म्हणजे चार टक्के वेळ नव्हे, हे आमच्या वादांत अजून कोणी मान्य केलेले नाही.) जगभर ओरड झाली. २०२० च्या जानेवारीअखेर जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने नियम केला की रस्त्यावरील शर्यतीच्या बुटाचा तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, त्यात पट्टी एकच असावी आणि तो बूट खुल्या बाजारात विकत मिळणारा असावा.

खुल्या बाजारात मिळतो म्हणजे सर्वांना मिळतो, असे मानणाऱ्या या संघटनेने उल्हासनगरचा बाजार पाहिलेला दिसत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत जागा मिळाली आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव पडले. हातात काही नसताना त्या लोकांनी जगातील कोणतीही वस्तू येथे बनवून दाखवली. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्यापैकी प्रत्येकाने लोकलमध्ये ऐकलेला आहे. विनोदात थोडी कुचेष्टा आहे. मला मात्र त्यात कौतुकच जास्त दिसते. त्या बाजारात आज त्या बुटाचे रूप हजार रुपयांच्या आत मिळते. रंग तोच, खूण तीच, फक्त आत पट्टी नाही. खरा बूट वीस हजारांच्या घरात जातो. तेव्हा प्रारंभरेषेवर उभे राहिल्यावर दोन मुलांच्या पायांत एकसारखेच बूट दिसतात आणि दोघांमध्ये वीस हजारांचे अंतर असते. हे अंतर पंचांनाही दिसत नाही, प्रेक्षकांनाही दिसत नाही. ते कळते फक्त त्या दोघांच्या पोटऱ्यांना.

यावर आमच्यातील एका गटाचे म्हणणे असे की महाविद्यालयीन व हौशी शर्यतींत असे बूट सरळ बंद करावेत. त्यांच्याकडे दाखलेही आहेत. २००९ साली रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत नव्या पोशाखांच्या बळावर ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद करण्यात आले. १९७६ साली माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि गवताच्या मैदानावर वाढलेला आपला संघ सातवा आला. साधन बदलले की खेळाडू बदलतो हे खरेच आहे. आपल्या खाशाबा जाधवांची हकीगत तर पाठच आहे. तांबड्या मातीत वाढलेला पैलवान १९४८ साली लंडनला मॅटवर उभा राहिला, सहावा आला, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतला. त्या दुसऱ्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. (आमच्या प्राध्यापकांनी घाबरू नये. आम्ही फक्त बुटांविषयी बोलत आहोत.)

दुसरा गट अनवाणी धावणाऱ्यांची नावे पुढे करतो. १९६० साली रोमला अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. आपले शिवनाथ सिंग अनवाणी धावण्यासाठीच प्रसिद्ध होते. १९७८ साली जालंधरला त्यांनी नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. बारामतीच्या लता भगवान करे नऊवारीत धावल्या आणि त्यांच्यावर चित्रपट निघाला. तात्पर्य, पायात दम असला की बूट गौण, असे हा गट म्हणतो. हे म्हणणारे बहुधा स्वतः चांगल्या बुटात असतात, ही गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. ज्याला बूट परवडतो त्याने अनवाणी माणसाचे कौतुक करावे, हे फार सोपे आहे.

अनवाणी पायांची आणखी एक कथा आपल्याकडचीच आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की धावणारी मुले शेतकरी घरांतील होती, साधे अन्न खाऊन वाढलेली, युरोपातील नियमांची त्यांना गंधवार्ता नव्हती आणि ती अनवाणी धावत होती; तरीही त्यांच्या वेळा पाहून टाटा थक्क झाले. त्यातूनच १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदी खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. आता हा आकडा कोणी आजच्या आकड्याशेजारी ठेवला तर चौगुल्यांवर अन्याय होईल, आणि तो बुटांमुळे होणार नाही. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. आजचे ४२.१९५ हे अंतर पक्के झाले ते त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे चौगुले आजच्यापेक्षा साडेपाचशे मीटर जास्त धावले. त्यांच्याच गतीने हिशेब केला तर ही सव्वादोन मिनिटे होतात. जगातला कोणताही बूट आमच्यापैकी कोणालाही त्याहून मोठी खात्रीची भेट देईल असे मला वाटत नाही.

येथेच माझे मत मी मांडते. आपल्या पट्ट्यातील शर्यतींत सर्वांत मोठा अन्याय बुटाचा नसून अंतराचा आहे. आपल्याकडे दर हिवाळ्यात कोठे ना कोठे दहा किलोमीटरची शर्यत असते. फलक लागतात, बनियन वाटले जातात, मान्यवर झेंडा दाखवतात. अंतर मोजलेले असते ते कोणाच्या तरी मोटारसायकलवरून. अशाच एका शर्यतीत मी माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम वेळ दिली. दुसऱ्या वर्षी तीच शर्यत, तोच चौक, तोच पेट्रोल पंप, फक्त वळण पुढच्या दिव्याच्या खांबापाशी घेतले होते. आणि मी दोन मिनिटांनी मंदावले. मी मंदावले की खांब सरकला? हातातील घड्याळ म्हणते ९.७, शेजारणीचे म्हणते १०.१, आणि आयोजक म्हणतात, ताई, मेडल मिळाले ना?

वास्तविक रस्ता मोजण्याची रीत अवघड नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला चाकाचे फेरे मोजणारे एक लहानसे यंत्र बसवतात. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ तुकड्यावरून ती सायकल आधी चालवून किती फेऱ्यांना किती मीटर हे ठरवून घेतात. मग सगळा मार्ग धावपटू ज्या जवळच्यात जवळच्या रेषेने जाईल त्या रेषेने, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, फिरतात. उन्हात टायरमधली हवा प्रसरण पावते म्हणून मोजणी झाल्यावर पुन्हा त्या तुकड्यावरून सायकल चालवून पाहतात. एवढे करूनही वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर, का तर मार्ग चुकून आखूड निघू नये. कोणाच्या नावावर खोटा विक्रम लागण्यापेक्षा सगळ्यांनी दहा मीटर जास्त धावलेले बरे, असा या रीतीमागचा विचार आहे. मला तो फार आवडतो. दोन सायकलस्वारांची एक सकाळ, एवढाच त्याचा खर्च.

उताराचेही असेच. २०११ साली बोस्टनला जेफ्री मुताय २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. तोवर इतक्या कमी वेळात मॅरेथॉन कोणीच धावले नव्हते. पण विश्वविक्रम धरला गेला नाही, कारण तो मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाणारा आणि प्रमाणाबाहेर उतरता आहे. मुतायने काही लबाडी केली नव्हती. धाव खरी आणि विक्रम नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे समजून घेण्याची सवय आपल्याला नाही. आपल्याकडे एकतर हार घालतात किंवा चोर म्हणतात.

बुटांवर बंदी घातल्याने जे साधणार नाही असे आणखी एक सांगते. मी मुलगी आहे. थंडीत साडेपाचला काळोख असतो. बारवीच्या रस्त्यावर दिव्यांचे खांब विरळ, डंपरांची ये-जा, आणि मागून येणारी मोटारसायकल मंद झाली की हृदयाचे ठोके आपोआप वाढतात. धावण्याने वाढतात ते वेगळे. म्हणून आम्ही तिघीजणी असल्याशिवाय निघत नाही. एकीची परीक्षा असली की तिघींचा सराव बुडतो. माझ्या वर्गातला मुलगा त्याच रस्त्यावर एकटा, आठवड्यातून सहा दिवस धावतो. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली १९८४ साली, आणि जागतिक क्रॉस-कंट्रीत स्त्रियांना पुरुषांइतकेच दहा किलोमीटर मिळाले ते २०१७ साली. कागदावर अंतर समान झाले. बारवीच्या रस्त्यावर ते अजून झालेले नाही, आणि त्याला उपाय बूट नव्हे, दिवे आहेत.

आता डोंगराकडे वळू. धावण्यात निदान घड्याळ तरी आहे. चढाईत तेही नाही. तेथे सगळा कारभार श्रेणींवर चालतो. १९२० च्या दशकात जर्मन गिर्यारोहक वेल्झेनबाख याने सहा पायऱ्यांची श्रेणी मांडली आणि सहावी म्हणजे मानवी शक्तीची परिसीमा असे ठरले. पुढे मुले परिसीमेपलीकडे चढू लागली. परिसीमा मोडली असे म्हणण्याऐवजी बरीच वर्षे त्या चढाया ‘सहावी, अधिक’ अशा लिहिल्या जात होत्या. शेवटी सातवी मानावी लागली. अमेरिकेतही तेच झाले. त्यांनी दोर लागणाऱ्या चढाईचे ५.० ते ५.९ असे दशांश पाडले; ५.९ च्या वरचे निघाले तेव्हा ५.१० केले. गणितात ५.१० हे ५.९ पेक्षा लहान, कातळावर मोठे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना गणितात कच्चे म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते.

या सर्व श्रेणी युरोप-अमेरिकेतील खडकावर घडल्या. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. एक थर पोलादासारखा, त्याच्याखालचा हाताने उकरावा असा. उन्हाळ्यात जी पकड भक्कम वाटते ती पावसाळ्यानंतर हातात येते. चंदेरीचेच घ्या. खिंडीकडे चढणाऱ्या घळीतला घसारा, पुढे गुहा आणि टाके, आणि गुहेच्या वर सुळक्याच्या माथ्याकडे जाणारी अरुंद वाट. माहितीपुस्तकांत तिला कोणी मध्यम म्हणतो, कोणी कठीण, कोणी अतिकठीण. जो फेब्रुवारीत गेला त्याने मध्यम लिहिले आणि ते वाचून कोणी जुलैत गेला तर? श्रेणीचा आकडा एका दिवसाचा, एका ऋतूचा आणि एका माणसाचा असतो, छापला मात्र कायमचा जातो.

वर श्रेणी देणाऱ्यांच्या मनातही दोन चोर असतात. एक म्हणतो अवघड लिही, म्हणजे आपण शूर ठरू. दुसरा म्हणतो सोपे लिही, म्हणजे आपण त्याहूनही शूर ठरू. पहिल्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही, झाला तर करमणुकीचा प्रसंग होतो. दुसऱ्यामुळे माणूस मरतो. माझ्यापुढे दोघांपैकी एकाला निवडण्याची वेळ आली तर मी फुशारकी मारणाऱ्याला निवडीन.

खिळे आणि बोल्ट यांचा वाद याहून जुना आहे. १९६८ साली राइनहोल्ड मेस्नरने एका लेखात तक्रार केली की बोल्ट ठोकत गेले तर अशक्य असे काही उरणारच नाही, आणि अशक्य उरले नाही तर चढण्यात अर्थ काय? दोनच वर्षांनी चेझारे माएस्त्री हा इटालियन चेरो तोर्रे या दक्षिण अमेरिकेतील शिखरावर चक्क हवेच्या दाबाचे यंत्र घेऊन गेला आणि शेकडो बोल्ट मारीत चढला. २०१२ साली दोन तरुणांनी ते शिखर त्याच्या बोल्टांच्या जवळजवळ मदतीशिवाय सर केले आणि उतरताना त्यातील बरेचसे तोडून टाकले. काहींनी त्यांना डोक्यावर घेतले, काहींनी शिव्या दिल्या. शुद्धतेचा हा आग्रह मला एका मर्यादेपर्यंत पटतो. आपल्याकडे हा नियम लावायचा तर सिंहगड १६७० साली घोरपडीच्या साहाय्याने घेतला, या कथेचे काय करायचे? घोरपड हे साधन धरायचे की साथीदार? (इतिहासकार ती कथा मानत नाहीत, हे जाणून आहे, पण वादासाठी ती फार उपयोगी पडते.)

माझे मत असे. ज्या कातळावर आधीची माणसे शिडीशिवाय गेली तेथे आपल्याला जमत नाही म्हणून शिडी लावू नये. जमेल तेव्हा जावे. पण सुळक्याच्या माथ्यावर आणि मध्ये थांबण्याच्या जागी, जेथे खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचा जीव एकाच ठिकाणी टांगलेला असतो, तेथे गंज न चढणारे, कातळात नीट बसवलेले चांगले बोल्ट असलेच पाहिजेत. चार पावसाळे खाल्लेल्या गंजक्या बोल्टवर भरवसा ठेवण्यात कसली आली आहे शुद्धता? अनुभव असला म्हणजे कातळ सवलत देतो असेही नाही. २०२० च्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत गेले, आणि त्यांच्याइतके कडे पाहिलेली माणसे महाराष्ट्रात फार नव्हती. मलंगगडाच्या बालेकिल्ल्याकडे जाताना वाट तुटलेल्या ठिकाणी लोखंडी पाइप टाकलेला आहे. तो पाइप दोर न लावता ओलांडणे म्हणजेच खरी चढाई, असे सांगणारे वीर दर रविवारी भेटतात. पाइप साधन नाही आणि दोर मात्र साधन, हे तर्कशास्त्र कोणत्या वर्षाला शिकवतात?

पण या साऱ्या वादांत एक माणूस कोणीच मोजत नाही, आणि माझा खरा राग त्याबद्दल आहे. पायथ्याच्या ठाकर वाडीतला मुलगा. गेल्या हिवाळ्यात आम्ही बाराजण चंदेरीला गेलो. आमच्याकडे दोन दोर, हेल्मेट, हार्नेस, कॅरॅबिनर आणि चार प्रकारची मते होती. पुढे वाट दाखवायला वाडीतला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. पायात रबरी चपला, खांद्यावर आमचाच एक दोर. घसाऱ्यावर त्याने चपला काढून हातात घेतल्या. अवघड जागी तो आधी वर गेला, दोर बांधला आणि आम्हाला वर घेतले. उतरल्यावर गटाच्या वहीत नोंद झाली: आघाडी अमक्याची, दुसरा दोर तमक्याचा, श्रेणी कठीण. मुलाची नोंद खर्चाच्या पानावर होती. वाटाड्या, तीनशे रुपये.

मी विचारले, आघाडी तर त्याची होती ना? उत्तर आले, अगं, तो गिर्यारोहक नाही, तो तिथलाच आहे.

हे उत्तर नवे नाही. १९५३ साली एव्हरेस्टवर दोघे एकाच दोराला बांधून उभे राहिले. इंग्लंडच्या राणीने हिलरीला आणि मोहिमेचे नेते हंट यांना ‘सर’ केले, तेनसिंगला जॉर्ज पदक दिले. शिखर एक, दोर एक, श्रेणी दोन. आपण इंग्रजांना यावरून नावे ठेवतो आणि चंदेरीच्या पायथ्याशी तेच करतो. ‘तो तिथलाच आहे’ याचा अर्थ काय होतो? त्याला सोपे जाते म्हणून ते सोपे, असेच ना? मग आम्हाला अवघड गेले म्हणून ते कठीण का? रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण पोरांना सांगतो. ती तिथलीच होती. तिला आपण बुरूज दिला, आणि या मुलाला खर्चाचे पान.

श्रेणीच्या चर्चेत या मुलाला बोलावले तर काय होईल याची मला फार उत्सुकता आहे. परतीच्या वाटेवर मी त्याला विचारले होते, यातली सगळ्यात वाईट जागा कोणती. आम्ही ज्या ठिकाणी छायाचित्रे काढली ते त्याने सांगितले नाही. खिंडीच्या खाली एक गवताळ उतार आहे, तेथे आम्ही गप्पा मारीत, दोर पिशवीत टाकून चाललो होतो. तो म्हणाला, तिथं गवत वाळलं की पाय राहत नाही, आमची गुरं तिथनंच जातात खाली. आमच्या कोणत्याही पुस्तकात त्या उताराला श्रेणी नाही.

आता खरे-खोटे. गिर्यारोहणात पंच नसतो, सारा व्यवहार शब्दावर चालतो. म्हणून तेथे खोटे बोलणे स्वस्त आहे आणि पकडले गेल्यास महाग. २०१६ साली पुण्यातील एका पोलीस दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचे जाहीर केले, छायाचित्रे दिली. चौकशीअंती ती दुसऱ्याच गिर्यारोहकाच्या छायाचित्रांवरून बनवलेली आहेत असे ठरले आणि नेपाळने प्रमाणपत्रे रद्द करून दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली. आपण सर्वांनी तेव्हा नाके मुरडली. पण आमच्याच गटात स्कूटरवरून घड्याळ फिरवून ‘रविवारची धाव’ नोंदवणारे महाभाग आहेत, आणि वरून दोर सोडलेला असताना चढून ‘आघाडीने चढलो’ सांगणारेही आहेत. बूट नक्की कसला, यावर सर्वांत मोठ्याने हेच भांडतात.

तेव्हा येत्या वर्षासाठी जिमखान्यापुढे माझ्या मागण्या आहेत. बुटांवर बंदी नको. आपली क्रॉस-कंट्री चिखलातून, शेताच्या बांधांवरून जाते आणि तेथे पट्टीचा बूट त्याच्या मालकालाच पाडील. त्याऐवजी ज्यांच्याकडे धड बूट नाहीत अशा पाच जणांसाठी जिमखान्याने साधे, मजबूत बूट घ्यावेत आणि ते कोणाला दिले याची यादी फलकावर लावू नये. वार्षिक शर्यतीचा मार्ग मोजून घ्यावा व मोजणीचा कागद शर्यतीआधी लावावा. गिर्यारोहणाच्या वहीत नवी पाने आखावीत: महिना कोणता, आघाडी कोणाची, दोर वरून होता की खालून, आणि वाट दाखवणाऱ्याचे पूर्ण नाव, पहिल्या रकान्यात, इतरांच्या बरोबरीने. श्रेणी लिहिण्यापूर्वी त्याला विचारावे. पैसेही बरे द्यावेत. तीनशे रुपयांत आमच्या एका कॅरॅबिनरचा निम्मा भागही येत नाही.

पैसे नाहीत असे उत्तर येणार हे ठाऊक आहे. मोजणीला तरी फारसे लागत नाहीत. पोलादी टेप भूगोल विभागाकडे आहे. जिमखान्याच्या मागच्या खोलीत जुन्या कॅरम बोर्डांच्या आड एक सायकल उभी आहे. तिचे पुढचे चाक शाबूत आहे हे मी पाहून आले आहे. टायर तेवढा बदलावा लागेल.